हसनभाईंनी हलवलेला कॅमेरा

पनवेलच्या बाजूला हायवेवर कुठेही गाडी उलटली की फोन जायचा तो हसन मुकादमांना. क्रेनवाले हसनभाई! बावीस वर्षं त्यांचं घर चाललं ते मोडक्या गाड्या ओढून. पण कर्नाळ्याकडून शिरढोणला उतरताना लागणारं बोरीचं वळण म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्या एका वळणावर वर्षाला आठ-नऊ माणसं जायची.

एका सकाळी ते तिथे हूक लावायला वाकले आणि टेम्पोचा नंबर ओळखीचा निघाला. जासईचा बुधाजी! पेणहून परतताना आठवणीने त्यांच्या दारात मासळी ठेवून जाणारा दोस्त. बुधाजी जागीच गेला होता.

पुढे त्या वळणावर वेग टिपणारा कॅमेरा बसला. सुटलो, असं सगळ्यांना वाटलं. कसलं काय! दोन महिन्यांत हसनभाईंनी पाच गाड्या ओढल्या. मग एका दुपारी ते रस्त्याकडेला उकिडवे बसून टायरचे काळे पट्टे बघत राहिले. झाडून सगळे पट्टे कॅमेऱ्याच्या खांबाअलीकडे, ऐन वळणात सुरू होत होते.

घरी आल्यावर बायकोला, खतीजाला म्हणाले, "लोक उतारावरून सुसाट येतात, वळणात कॅमेरा दिसला की करकचून ब्रेक! गाडी पलटणारच."

"मग साहेबलोकांना सांगा ना."

"अपघात थांबले तर क्रेनचं काय लोणचं घालू?"

खतीजा शांतपणे म्हणाली, "बुधाजीभाईंच्या घरी जाऊन हेच बोलाल?"

हसनभाई दुसऱ्याच दिवशी कॅमेऱ्यांचं काम बघणाऱ्या इंजिनियर अनुया मॅडमपुढे हजर. "आता क्रेनवाला आम्हाला शिकवणार!" कुणीतरी हसलं. मॅडम मात्र उठल्या आणि थेट क्रेनच्या केबिनमध्ये चढून बसल्या.

उताराच्या माथ्यावर हसनभाईंनी क्रेन थांबवली. "मॅडम, गाडी मरते खाली, पण चुकते इथे. इथेच तिला आवरा."

पाठपुराव्याला चार महिने लागले, पण कॅमेरा माथ्यावर गेला आणि तिथे पोचण्याच्या बऱ्याच आधी, रस्त्याकडेला वेगमर्यादेचे मोठे फलक लागले. गाड्या वरूनच दमाने उतरू लागल्या. हसनभाईंचे फोन आटले, तशी त्यांनी उरणच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्या दुरुस्तीला बाहेर काढायची कामं धरली.

वर्ष सरलं. रस्ता सुरक्षेच्या सभेत अनुया मॅडमनी आकडा वाचला, "बोरीचं वळण. आदल्या वर्षी मृत्यू नऊ. या वर्षी एकही नाही!" आणि त्यांनी हसनभाईंना स्टेजवर बोलावलं.

हसनभाईंनी माइक हातात घेतला. ते म्हणाले, "माझी क्रेन वर्षभर त्या वळणावर गेली नाही. अल्लाचा शुक्र आहे. यापुढेही तिला तिथे बोलावू नका."

सगळं सभागृह उभं राहिलं. मागच्या रांगेत खतीजा टाळ्या वाजवत होती, सगळ्यांत जोरात.