नैवेद्याआधीचं सारण

शरच्चंद्र उकिडवे जन्मभर कशाला ना कशाला भीत आले. गोदीतल्या कचेरीत कारकून होते तेव्हा कपाटाला कुलूप लावून जिन्यापर्यंत जायचे आणि परत येऊन ते ओढून बघायचे. निवृत्त झाल्यावर कुलूप सुटलं आणि गॅसचं बटण मागे लागलं. गिरगावातल्या त्यांच्या चाळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. बायको सरोजिनी म्हणायची, "देवाने आधी भीती घडवली, मग उरलेल्या मातीत हे."

गेल्या वर्षी मात्र भीतीला खरंच कारण मिळालं. सरोजिनीबाईंचा मधुमेह जुना. पायाला चप्पल चावल्याचं निमित्त झालं, जखम भरेना, आणि शेवटी पायाचं एक बोट काढावं लागलं. त्या इस्पितळातून घरी आल्या त्या दिवशी शरच्चंद्रांनी साखरेचा डबा उचलला आणि खालच्या चहावाल्याला देऊन टाकला, डब्यासकट.

बाईंना उभं राहवत नव्हतं, म्हणून स्वयंपाक यांच्याकडे आला. बाईंना गोड आवडायचं. मोबाइलवर बघून बघून हे बिनसाखरेचं करायला शिकले. खजूर तुपावर परतून त्याचे लाडू, नाचणीची गुळातली वडी, अंजीर घातलेली खीर. पहिले लाडू बसेनात, मग बसले ते फुटेनात. पण हात वळत गेला. "साखर नाही ना, मग खा," असं म्हणून ते स्वतःच तिच्या हातावर लाडू ठेवायचे. त्या दिवसांत त्यांना झोपही बरी लागायची.

पावसाळ्यात रक्त तपासलं तर साखर वाढलेली. डॉक्टर म्हणाले, "काका, गूळ काय, खजूर काय, पोटात गेल्यावर साखरच." आणि गोळी वाढवून दिली. जाता जाता त्यांनी आणखीही काही सांगितलं, उपाशी ठेवू नका असं काहीसं. पण शरच्चंद्रांच्या डोक्यात एवढंच घुमत होतं, की आपण आपल्या हाताने तिला विष चारलं. घरी येऊन त्यांनी लाडवांचा डबा रिकामा केला. त्यानंतर बाईंच्या तोंडी गोडाचा कणही लागला नाही.

अशातच गणेशचतुर्थी आली.

उकडीचे मोदक तर गुळाचेच. देवाला ते हवेतच. शरच्चंद्रांनी सकाळी नारळ खवून सारण शिजवलं. गॅसजवळ स्टुलावर बसून बाई सांगत होत्या, "अहो, ढवळा, खाली लागेल. वेलची आता नको, उतरवल्यावर." चव बघायची सोय नव्हती. नैवेद्याचं आधी कुणी चाखत नाही.

"मला एक तरी द्याल ना?"

"अर्धा."

"अर्ध्या मोदकाला काय म्हणतात माहितेय? करंजी."

ते हसले नाहीत. त्यांनी तिला वेळेवर तिची गोळी दिली, गॅसचं बटण बघितलं आणि भटजींची वाट बघत बसले. पूजा होऊन नैवेद्य दाखवल्याशिवाय त्या घरात कुणी जेवत नसे. बाई तर त्या दिवशी चहाही घेत नसत. भटजी नऊला येणार होते. पण चतुर्थीला गिरगावात एकेका भटजींना किती घरं असतात. दहा वाजले, अकरा वाजले. "दोनच घरं राहिली," असा निरोप आला, आणि बारा वाजून गेले. खाली गल्लीत कुणाचा तरी गणपती ताशा वाजवत येत होता.

शरच्चंद्र उकड मळत होते. बाईंना काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. वळून बघितलं तर त्या भिंतीला टेकलेल्या, कपाळावर घाम, ओठ पांढरे.

"काय गं, काय होतंय?"

"पंखा... पंखा कुठे नेलात?" पंखा डोक्यावर फिरत होता.

शरच्चंद्रांची नजर सारणाच्या पातेल्याकडे गेली. मघाशी ते देवाजवळ समई लावायला गेले होते, तेवढ्यात हिने...

"खाल्लंस ना? खरं सांग. सारण खाल्लंस ना?"

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, पण ओळखीचं असं काही त्या नजरेत नव्हतं. हात थरथरत होता. साखर वाढली, नक्की वाढली, असं त्यांच्या मनाने घेतलं. ते धावत आत गेले, गोळ्यांची पट्टी आणली. एक आणखी द्यावी. पाण्याचा पेला भरताना निम्मं पाणी ओट्यावर सांडलं.

तेवढ्यात शेजारची सुनेत्रा दारात आली. "काका, दूर्वा उरल्यात का हो जास्तीच्या?" आणि ती तिथेच थांबली. मग सरळ आत येऊन तिने बाईंचा हात हातात घेतला. "बर्फ झालाय हात. काकूंनी सकाळपासून काय खाल्लंय?"

"काही नाही. नैवेद्य व्हायचाय."

"आणि ही गोळी कसली?"

"साखरेची. सकाळी दिली, पण वाढलीय बहुतेक, म्हणून आणखी..."

"ठेवा ती खाली." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "माझ्या आईला असंच व्हायचं. साखर उतरलीय काका, वाढली नाही. साखर आणा लवकर."

"साखर नाही. घरात ठेवतच नाही मी."

"मग हे काय आहे?" तिने पातेल्याकडे बोट दाखवलं. "गूळच आहे ना? द्या."

शरच्चंद्र पातेल्यापाशी उभे राहिले. सारणाच्या कडेला गुळाचा पाक सुटला होता. हीच ती वस्तू, जिने तिची साखर वाढवली. सुनेत्राचं चुकत असेल तर? त्यातून देवासमोरचं पान अजून रिकामं. आत मखरातून मूर्ती बघत होती. त्यांनी चमचा बुडवला, पाक भरून घेतला.

"तोंड उघड."

बाईंनी चमचा बघितला आणि ओठ घट्ट मिटले. "नैवेद्य... दाखवला नाही अजून," त्या पुटपुटल्या. एवढं मात्र त्यांना कळत होतं.

"दाखवला," शरच्चंद्र म्हणाले. देवासमोर ते प्रथमच खोटं बोलले होते. "आत्ताच दाखवला. घे."

बाईंनी घोट गिळला. मग आणखी एक. मग गूळ विरघळवलेलं पाणी. सुनेत्रा त्यांचा हात चोळत बसली होती. शरच्चंद्र बायकोच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हते. ताशा दारावरून पुढे गेला, ऐकू येईनासा झाला. मग बाईंच्या ओठांवर हळूहळू रंग आला. त्यांनी आजूबाजूला बघितलं, स्वतःच्या चिकट हनुवटीला हात लावला, पातेलं बघितलं.

"अहो, हे काय केलंत? उष्टं झालं सगळं."

शरच्चंद्र मटकन खाली बसले.

सुनेत्राने बाईंना भात भरवला आणि डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळी कमी केली, संध्याकाळी बोलावलं. दीड वाजता भटजी आले, घामाघूम. मोदक नाहीत म्हटल्यावर घरातले दोघे त्यांच्याकडे अपराध्यासारखे बघत होते. "गूळ-खोबरं आहे ना? मग ठेवा," भटजी म्हणाले आणि पळीत पाणी घेतलं.

आता बाईंच्या उशाशी एक छोटी डबी असते, गुळाचे खडे भरलेली. शरच्चंद्र गॅसचं बटण बघतात, तशी ती डबी उघडून बघतात. रिकामी नाही ना, मुंग्या नाहीत ना. आणि जाता येता बायकोचा हात हातात घेतात.

"गरम आहे हो," बाई डोळे न उघडता म्हणतात. "जा आता, झोपू द्या."

ते जातात, आणि दारातून परत येतात.