अकरा नंबरच्या खाटेची तक्रार

निवृत्त माणूस रिकामा दिसला की लोकांना तो कुठल्या तरी समितीवर हवा असतो. उत्तरेत, रेल्वेच्या संशोधन संस्थेत सुट्या भागांच्या तपासणीत मी अख्खी नोकरी काढली. मानक नगरचं रेल्वेचं क्वार्टर सोडून इंदिरा नगरात राहायला आलो आणि वर्षभरात निराधार स्त्रियांच्या एका आश्रमाच्या सरकारी तपासणी समितीवर गेलो. ज्या बायका स्वतःचा व्यवहार पाहू शकत नाहीत असं कागदावर ठरलंय, त्यांची सरकारी पेन्शन आश्रमाच्या हाती जाते. ती त्यांच्यासाठीच वापरली जाते का, हे आम्ही वर्षातून दोनदा बघायचं.

तपासणी कसली, निव्वळ देखावा. आश्रमाला आधी फोन जायचा. न्यायला गाडी आश्रमाचीच. खाटांवर नव्या चादरी आणि आमच्यापुढे गरम समोसे. तरी मला वाटायचं, आपली नजर तयार आहे, आपल्याला कोण फसवणार! हा माज नोकरीनं दिलेला.

दुसऱ्या खेपेला अकरा नंबरच्या खाटेवरच्या बाईंनी माझी बाही धरली. चौक नावाच्या जुन्या मोहल्ल्यात जन्मभर चिकनचं, म्हणजे तलम कापडावर पांढऱ्या दोऱ्याचं, भरतकाम करून त्यांचे डोळे अधू झाले होते. अधूनमधून त्यांचं भान सुटायचं म्हणे, पण त्या दिवशी अगदी शुद्धीत होत्या.

"साहब, दो साल से चश्मा माँग रही हूँ. पिन्सन तो हमारी आती है न? चश्मा मिल जाए तो फिर सुई पकड़ लूँ."

घरी येऊन मी अहवाल लिहिला, नोकरीत लिहायचो तसाच. दोष काय, कुठे, कोणत्या क्रमांकात. खाट अकरा, बाईंचं पूर्ण नाव, त्यांचे शब्द जसेच्या तसे.

"अहो, नाव कशाला घालता बिचारीचं?" बायको म्हणाली.

मी तिच्यावर खेकसलो. नावाशिवाय तक्रारीला कोण विचारतो, म्हणालो.

आमची समिती नेमणाऱ्या खात्यानं तो अहवाल खुलाशासाठी थेट आश्रमाकडेच धाडला. तसाच धाडतात. सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या मला हे कळायला हवं होतं. पण लोखंडाच्या तुकड्याचा नंबर लिहिला म्हणून त्याला कुणी छळत नाही, आणि मला तेवढीच सवय.

सहा महिन्यांनी गेलो तर अकरा नंबरवर दुसऱ्याच बाई. मी तोंड उघडायच्या आत त्या उठून बसल्या. "हमें कोई तकलीफ़ नहीं है, साहब."

ऑफिसात अधीक्षिकाबाईंनी हसतमुखानं फाइल पुढे केली. "सर, आपकी रिपोर्ट पर पूरी कार्रवाई हो गई. चश्मा बनवा दिया."

"और वो कहाँ हैं?"

"उनका तो ट्रांसफर हो गया, दूसरे ज़िले के आश्रम में. यहाँ एडजस्ट नहीं हो पा रही थीं."

त्यांनी टेबलाचा खण उघडला. चष्मा डबीतच होता, काचेवर दुकानाचं स्टिकर तसंच. "डाक से भिजवा देंगे, सर."

मी पोचवतो, पत्ता द्या, म्हणालो. तसा नियम नाही म्हणाल्या आणि शेऱ्याचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. बाकीचे सदस्य सही करून चहाला बसले होते. मी लिहिलं, 'चष्मा खरेदी केला आहे, प्रत्यक्ष पाहिला.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सही करताना मला माझीच किळस आली.

पुढच्या महिन्यात प्रकृतीचं कारण देऊन मी समिती सोडली. चष्मा पोचला का, एवढं विचारायलासुद्धा गेलो नाही.