नर्मदाबाईचं बेट

आमच्या हट्टा गावात हळद मोडायला बसलं की बाया माझ्याकडं तोंड करून बसायच्या. लगीन होऊन आले तवापासून ढिगावर गोष्ट सांगायचा मान माझा व्हता. मग निजामाच्या राजात एका साली वसमतला तंबूत बोलता शिनेमा आला, अन् नर्मदाबाई म्हणाली, मी बघून आले.

ही नर्मदा कोण? नवरा गेल्यापासून आठवडाभर दुसऱ्याच्या रानात राबणारी, अन् बाजारच्या दिवशी वसमतला बोरं विकणारी. धड लुगडं न्हाई अंगावर, पण बोलायला बसली की बाया खुळ्या व्हायच्या. समुद्रातलं बेट, तिथली सावळी, काडीसारखी पोरगी, अन् जहाज फुटून वाहत आलेला देखणा परदेशी. आशाबाई तर हळकुंड हातात धरून नुसती ऐकतच बसायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रोज थोडं थोडं सांगायची अवदसा, अन् त्या दोघांची होडी तुफानात घालून घरी जायची.

मी मालकांच्या मागं लागले, मला बी शिनेमाला न्या.

"काहून येवढी घाई?" ते म्हणाले.

"तिचं खोटं पकडायचं हाय," मी सरळ सांगितलं.

बाजारच्या दिवशी दिवेलागणीला आमी तंबूत बसलो. कशाचा शिनेमा न् कशाचं काय. समुद्र म्हणजे रंगवलेला पडदा. पोरगी चाळिशीची, अंगानं भोपळा. नारळाच्या झाडाला टेकून गायली तर झाडच हललं. परदेशी मिशी सावरत उभा. तुफान म्हणजे पत्रा बडवल्यागत आवाज, होडीचा पत्ताच न्हाई, अन् लगेच दुसरं गाणं. मालक घोरून राहिले. बोलणं मात्र शब्द न् शब्द नर्मदानं सांगितलेलं.

जीव उबगला म्हणून बाहेर आले, तर तंबूच्या कनातीला पाठ लावून नर्मदा बसलेली. पुढ्यात बोरांची पाटी, डोळे मिटलेले. तिनं शिनेमा बघितलाच नव्हता, बाहेरून ऐकला व्हता. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं.

सकाळी ढिगावर सगळ्यांसमोर मी म्हणाले, "हिनं काय बी बघितलं न्हाई. ही बाहेर बसून ऐकून राहिली व्हती."

नर्मदाची मान खाली गेली. "व्हय," ती म्हणाली. मला वाटलं, जिरली आता.

तर मोतीबाई, आमच्यातली सगळ्यात म्हातारी, म्हणाली, "न बघता येवढं दिसलं व्हय गं तुला?" अन् बाया सरकून नर्मदाच्या आणखी जवळ बसल्या.

"द्वारकाबाई, तुमी तर बघून आल्या," आशाबाई मला म्हणाली. "सांगा की, कसं व्हतं?"

मी सांगाया लागले. पडदा, मिशी, पत्रा. दोन हळकुंडं मोडायच्या आत माझं संपलं.

"बरं, बस आता," मोतीबाई म्हणाली. "तिची होडी तुफानात हाय."

असं वाटलं, उठून घरी जावं. पण त्या होडीचं पुढं काय झालं, ते शिनेमात तरी कुठं व्हतं? मी जळत जळत माझी हळदीची पाटी उचलली अन् नर्मदाच्या शेजारी जाऊन बसले.