आमिश प्रेमकथा वाचणाऱ्या बाई

मार्वेहून मनोरीला जाणाऱ्या बोटीत माझ्या शेजारी साठीच्या एक बाई इंग्रजी कादंबरी वाचत बसल्या होत्या. गळ्यात बारीक क्रॉस होता, मांडीवर केकचा डबा. मुखपृष्ठावर पांढरी टोपी घातलेली मुलगी आणि मागे घोडागाडी. वाचता वाचता त्या पुटपुटल्या, "परत खोटं बोलली."

मला राहवलं नाही. "कोण?"

"ही हिरोईन. अमेरिकेतले आमिश लोक आहेत हे, फार देवभोळे. घरात वीज नाही, दारात मोटार नाही. यांच्या प्रेमकथा मी खूप वाचते."

"इतकी साधी माणसं, तरी खोटं बोलतात?"

"म्हणून तर वाचते ना. बाकीच्या पुस्तकांत मुली नुसत्या गोड असतात. ही बघ, रोज प्रार्थना करते आणि सख्ख्या बहिणीवर जळते. माझंही तसंच होतं." डब्याचं झाकण त्यांनी पुन्हा दाबून बघितलं. "बहिणीच्या लग्नातून मी न जेवता उठून आले होते. त्यानंतर आज पहिल्यांदा तिच्याकडे चाललेय."

"पुस्तकातली बहीण माफ करते का?"

"तेवढंच वाचायचं राहिलंय," म्हणत त्यांनी पुस्तक मिटून पर्समध्ये टाकलं.

मनोरीच्या धक्क्यावर अगदी त्यांच्याच चेहऱ्याची एक बाई उभी होती. बोटीतले सगळे उतरले, तरी या बसूनच राहिल्या. मीही उगाच चपलेचा पट्टा नीट करत रेंगाळले. शेवटी ती बाईच बोटीपाशी आली आणि हात पुढे करून म्हणाली, "उतर गं, बोट परत जाईल."