वेगाला घाबरणाऱ्या बाई

कोड वेगानं पळाला की सगळं ऑफिस टाळ्या पिटायचं आणि आमच्या बाईंचा चेहरा पडायचा. चष्मा कपाळावर सरकवून त्या एकच विचारायच्या, "काय करायचं सोडलंस रे?" आमचा निम्मा आनंद तिथंच संपायचा. तंत्रनिकेतनात वर्षानुवर्षं शिकवून त्या नाशिक रोडच्या आमच्या आठ माणसांच्या कंपनीत आल्या होत्या, म्हणून सगळ्यांच्या बाई.

आमचं काम सांगायला सोपं, करायला महाकठीण. एका खऱ्या मशीनवर अनेक आभासी मशिनं चालवायची. प्रत्येकाला वाटतं, मेमरी आपल्याच मालकीची. प्रत्यक्षात त्यानं मागितलेला मेमरीतल्या जागेचा प्रत्येक पत्ता आमचा ड्रायव्हर, म्हणजे मधला प्रोग्राम, खऱ्या पत्त्यात बदलून देतो, आणि त्यातच वेळ जातो. मी युक्ती केली. एकदा शोधलेले पत्ते साठवून ठेवले. वेग तिप्पट! मीच माझी पाठ थोपटली.

"पत्ता लक्षात ठेवणं सोपं असतं," बाई म्हणाल्या. "जागा दुसऱ्याला देण्याआधी जुना पत्ता पुसतोस ना?"

"पुसतो की!" मी ठणकावलं. पुसत होतो, पण घाऊक, सवडीनं. तोवर जागा दुसऱ्याला गेलेली असायची. एवढ्यानं काय होतंय, असं वाटलं होतं मला. गाढव मी!

त्या दिवशी दुपारी तीनला गिऱ्हाईक येणार होतं. त्याला दोन हॉस्पिटलांची मशिनं एकाच सर्व्हरवर चालवायची होती. माझी नोकरी अजून कच्ची, लग्न महिन्यावर आलेलं. बाईंनी सकाळीच दोन आभासी मशिनं लावली. एकाच्या मेमरीत नुसतं 'दिंडोरी' भरलं, दुसऱ्याच्या 'निफाड'. दोन वाजेपर्यंत सगळं आलबेल. मग निफाडच्या मशीनमध्ये एकच ओळ उमटली, 'दिंडोरी'.

"एकदाच आलंय, बाई."

"उद्या एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या डॉक्टरला एकदाच दिसेल. चालेल?"

कंपनीचे साहेब म्हणाले, "आज दाखवून टाका, मग निस्तरू." बाई कसल्या ऐकतात! गिऱ्हाईकाला तोंडावर सांगितलं, "वेग खरा आहे, पण हे अजून वापरू नका." गिऱ्हाईक उठून गेलं. साहेब लालबुंद. "कुणी लिहिलं हे?" मी खुर्चीतच बसून राहिलो.

"तपासायची जबाबदारी माझी होती," बाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी राजीनामा देऊन त्यांनी टेबल आवरलं. त्यांचा डबा नि पिशवी मी रिक्षापर्यंत नेली आणि परत येऊन जागेवर बसलो. लाज वाटते अजून.

पुढं मी चूक सुधारली. आधी पुसायचं, मगच जागा द्यायची. वेग थोडा उतरला, पण गिऱ्हाईक परत आलं. माझी नोकरी पक्की झाली, लग्नही झालं. सात महिन्यांनी धीर करून बाईंच्या घरी गेलो आणि सगळं कबूल केलं.

"अरे, साहेबांना माहीत होतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "कोडच्या प्रत्येक ओळीवर लिहिणाऱ्याचं नाव असतंच की. 'मी लिहिलं' म्हणत तू उठतोस का, एवढंच आम्ही दोघं बघत होतो."