हंसरावांचा कायदेशीर जोडधंदा

"याला परत मायदेशी धाडू का?" साहेबांनी विचारलं आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. त्यात एका फ्लेक्सचा फोटो. मधोमध हान्स, वर आमचे चेअरमन, खाली ठळक अक्षरांत 'पॉइंट सम्राट हंसराव यांचे हार्दिक अभिनंदन'. खुद्द सम्राट माझ्या शेजारी घाम पुसत बसले होते.

हान्स जर्मनीचा. भूजलतज्ज्ञ, म्हणजे जमिनीखाली पाणी कुठं आहे ते अभ्यास करून सांगणारा. उमापूरकडच्या आमच्या पाणी सहकारी संस्थेत पगारावर होता. मी तिथला ऑफिस सुपरिंटेंडंट. त्याचा व्हिसा एम्प्लॉयमेंटचा. म्हणजे ज्या संस्थेनं आणलं तिथंच नोकरी करायची. वेगळ्या परवानगीशिवाय स्वतःचा धंदा नाही. मुक्काम वाढवायला जिल्ह्याच्या या परदेशी नागरिक नोंदणीच्या ऑफिसात, या साहेबांकडं यायचं. आज त्यासाठीच आलो होतो, आणि कुणीतरी हा फोटो आधीच पोचवला होता.

दुष्काळात लोक त्याला पॉइंट, म्हणजे बोअर घ्यायची जागा, दाखवायला रविवारी मोटारसायकलवर घालून शेतात न्यायचे. त्यानं मला विचारलं, "मी सुट्टीच्या दिवशी फी घेऊन सल्ला देऊ शकतो का?"

जोडधंद्याला परवानगी मागणारा आमच्या संस्थेतला हा पहिलाच माणूस. शिपाई ऑफिसच्या पायरीवर चहा विकायचा, क्लार्क ऑफिसच्या वेळेत प्लॉट दाखवायचा आणि माझ्या टेबलाखाली बायकोच्या विकायच्या साड्यांचं गाठोडं असायचं. मी गंभीर चेहऱ्यानं त्याला अर्ज लिहून दिला.

अर्जाला संस्थेची ना-हरकत लागते. चेअरमन म्हणाले, "कावून? पगार देतो न्हवं? आधी माझ्या रानात पॉइंट काढ म्हनावं."

हान्स गेला. सगळं रान पालथं घालून म्हणाला, "इथे पाणी नाही. बोअर घेऊ नका."

पण आमच्याकडं सत्कार कामाच्या आधी ठरतो. चेअरमन भडकले, "फ्लेक्स लागलाय फाट्यावर! आता न्हाई कसं म्हनतो ह्यो?" ना-हरकत राहिली, अर्ज तसाच अर्धवट पुढं साहेबांच्या ऑफिसात गेला.

मी साहेबांना म्हणालो, "साहेब, हा धंदा करत नाही."

"मग सम्राट कशाचा?"

"आपल्याकडं पाणी लागलं तर पॉइंटवाल्याला बिदागी. हा जाईल तिथं सांगतो, बोअर घेऊ नका. त्याचे पैसे कोण देणार?"

"खरं का हो?"

"होय," हान्स म्हणाला. "चेअरमनसाहेब माझ्याशी बोलतही नाहीत."

साहेब खो खो हसले. मुदतवाढीवर सही झाली. मग आवाज एकदम मऊ झाला. "हंसराव, गेवराईजवळ आपलं थोडं रान हाय. रविवारी येता का?"

"रविवारी मला परवानगी नाही."

"कुणाची लागती?"

"माझा अर्ज तुमच्याच टेबलावर आहे."

मी छताकडं बघू लागलो. साहेबांनी चेअरमनला फोन लावला. संध्याकाळी ना-हरकत आली. यथावकाश वरून परवानगीही आली.

पहिलं गिऱ्हाईक साहेबच. हान्सनं यंत्रं लावून रान तपासलं, "बोअर घेऊ नका" म्हणाला, फी मागितली आणि रीतसर पावती दिली. साहेब पावतीकडं बघतच राहिले. पुढच्या आठवड्यात त्यांनी तळहातावर नारळ ठेवून पाणी सांगणारा आणला. बोअरमधून नुसता फुफाटा निघाला. चेअरमनच्याही.

हान्सकडं दुसरं गिऱ्हाईक फिरकलं नाही. संस्थेतला एकमेव कायदेशीर जोडधंदा असा बसला. बाकीचे बिनपरवान्याचे अजून जोरात आहेत. साड्या बघायच्या असतील तर ऑफिसच्या वेळेतच या.