मामा माईक सोडत नाहीत

मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या तमाम रसिक नागरिकांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, माझ्या मामेसासऱ्यांनी मला काहीही शिकवलेलं नाही. बाब गंभीर आहे. कारण मामा म्हणजे सूत्रसंचालनातला शेवटचा शब्द. या पट्ट्यात त्यांच्या 'नमस्कार मंडळी'शिवाय एखादा कार्यक्रम सुरू झालाच, तर तो बेकायदेशीर समजावा. सोसायटीचा वर्धापनदिन असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, कुणाची एकसष्टी असो की व्यायामशाळेत आलेल्या नव्या डंबेल्सचं पूजन असो, माईकमागे मामाच. आणि मामांच्या मागे, पडद्याला चिकटून, हातात काडेपेटी घेऊन मी.

हे सगळं ठरलं माझ्या लग्नात. मंगलाष्टकांच्या आधी मामांनी भटजींचा माईक काढून घेऊन भटजींचाच असा काही परिचय करून दिला की मुहूर्त टळायची वेळ आली. मग पंगतीत मी कुणाला तरी "सावकाश होऊ द्या" म्हणालो, ते ऐकून मामा जिलबीसकट थबकले. "जावईबापू, काय आवाज आहे हो! खर्जातला. वाया घालवू नका. या माझ्या हाताखाली, सहा महिन्यांत तयार करतो." मी दिवसभर पवईच्या ऑफिसात विम्याचे दावे तपासणारा माणूस. भरल्या सभागृहाने एकदा तरी आपलं बोलणं कान देऊन ऐकावं, ही हौस मी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती, आणि हा माणूस ती पंगतीत ओळखतो! मी तिथल्या तिथे शिष्य झालो. तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते, यावरून काळाचा अंदाज यावा.

आता मी काय काय शिकलो ते सांगतो. समईच्या वाती आदल्या संध्याकाळी तेलात भिजवून ठेवायच्या, म्हणजे पाहुण्यांची काडी वाया जात नाही. दीपप्रज्वलनाला स्टेजवरचा पंखा बंद करायचा आणि भाषणाला विसरून तसाच ठेवायचा, म्हणजे वक्ता आटोपतं घेतो. शाल प्लास्टिकमधून आधीच काढायची, नाहीतर सत्काराच्या नाजूक क्षणी माईकमध्ये कुरकुर ऐकू येते. हे सगळं मला झोपेत येतं. तोंड उघडायची वेळ आली की मात्र मामा म्हणायचे, "पुढचा कार्यक्रम तुमचाच, जावईबापू." हा पुढचा कार्यक्रम कायम पुढेच असायचा. एकदा भांडुपला फारच गळ घातली, तेव्हा त्यांनी मला माईक तपासायला दिला. मी छाती भरून "हॅलो, एक, दोन" म्हणालो आणि माईक परत मामांच्या हातात गेला. "तीन मी म्हणतो," मामा म्हणाले. "तीनला वजन लागतं."

बायको वैतागायची. "अरे, किती वर्षं नारळच सोलणारेस तू? विचार ना मामाला सरळ!" विचारलं. मामा मुळीच चिडले नाहीत. म्हणाले, "माईक मागायचा नसतो, जावईबापू. तो आपोआप हातात येतो."

"मग तुमच्या हातातून तो जात का नाही, मामा?"

"कारण तो माझ्याकडे आपोआप आलाय."

मी पुढचा नारळ सोलायला घेतला.

मामा माईक खरोखरच सोडत नाहीत. पाहुण्यांच्याही हातात देत नाहीत. बाळाला औषध पाजावं तसा तो स्वतः धरून वक्त्याच्या तोंडाशी नेतात. वक्ता लांबला की माईक हळूहळू मागे घेतात, वक्ता बोलता बोलता त्याच्या मागे सरकतो, मामा आणखी मागे, वक्ता आणखी पुढे. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना त्यांनी 'आजची तरुण पिढी' या विषयावर बोलतं ठेवून असंच स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत आणि तिथून थेट पहिल्या रांगेतल्या खुर्चीपर्यंत आणलं होतं. बाई बसल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आपलं भाषण अर्धंच राहिलंय हे बाईंना अल्पोपहाराच्या वेळी कळलं.

घरीही तेच. ताटावर बसले की सुरू. "यानंतर आपल्या भेटीला येत आहे, अनेकांच्या बालपणावर जिने कडवट छाप सोडली अशी, कारल्याची भाजी!" मामी वाढता वाढता म्हणतात, "आभारप्रदर्शन झालं असेल तर गिळा आता." गिझर दुरुस्त करायला आलेल्या पोराला त्यांनी बाथरूमच्या दारात उभं करून "या क्षेत्रातलं एक उमदं, तरुण नेतृत्व" म्हणून सादर केलं. तो बिचारा एवढा खूष झाला की नळाचा वायसर फुकट बदलून गेला.

पण एक गोष्ट तक्रारदार असूनही कबूल केली पाहिजे. परिचय करून द्यावा तो मामांनीच. कार्यक्रमाच्या आधी आठवडाभर ते सत्कारमूर्तीच्या घरी, शेजारी, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे चकरा मारतात. विक्रोळीला एका निवृत्त बस कंडक्टरांचा सत्कार होता. मामांनी सांगितलं की या माणसाने आयुष्यभर शेवटच्या फेरीला, धावत येणाऱ्या कुणाहीसाठी घंटी उशिरा मारली. ते गृहस्थ स्टेजवर बसून मान वळवून मागे बघायला लागले, हे एवढं मोठं कोण आलंय म्हणून.

तर गेल्या वर्षी मामांच्या सोसायटीने ठरवलं की मामांचाच सत्कार करायचा. सेक्रेटरी मला म्हणाला, "हे बघ, मामांना खुर्चीवर बसवायचं आणि उठू द्यायचं नाही. सूत्रसंचालन तू कर. होईल ना रे? नाहीतर वाट लागेल यार आपली." होईल ना? मी आठ दिवस अंघोळ करताना मामांचा परिचय घोकत होतो. त्यांचं गाव, मिलची नोकरी, मिल बंद पडल्यावर लग्नांतून पहिला माईक कसा मिळाला, सगळं मामींकडून काढून घेतलं होतं. बायकोने नवा झब्बा आणला. अखेर माझा पुढचा कार्यक्रम आला होता.

मी म्हणालो, "नमस्कार मंडळी." खुर्चीतून आवाज आला, "जरा थांबून, जावईबापू. मंडळीवर थांबायचं." मी पुन्हा म्हणालो. "आता फार थांबलात." लोक हसायला लागले. मी दुसऱ्या वाक्यावर पोचेपर्यंत फेटा बांधलेले मामा माझ्या शेजारी उभे होते आणि माईक, आपोआप, त्यांच्या हातात. मग त्यांनी भरदार आवाजात जाहीर केलं, "आता मी आजच्या सत्कारमूर्तींना विनंती करतो की त्यांनी व्यासपीठाच्या मध्यभागी यावं!" एवढं बोलून माईक घेऊनच खुर्चीत जाऊन बसले, क्षणभर संकोचले, आणि लाजत लाजत उठून मध्यभागी आले. सभागृह लोळत होतं. सेक्रेटरीने कपाळावर हात मारला. मी शाल घेऊन उभा होतो, नेहमीसारखा.

शाल झाली, श्रीफळ झालं. टाळ्या थांबल्या. "आता सत्कारमूर्ती आपलं मनोगत व्यक्त करतील," मामांनी स्वतःच सांगितलं, आणि माईक तोंडाशी नेला.

आणि काही बोललेच नाहीत.

आधी लोकांना वाटलं, हा मामांचा प्रसिद्ध विराम. मग तो विराम लांबायला लागला. मामा समोर बघत होते, तिथल्या निम्म्या लोकांच्या कधी ना कधी त्यांनी ओळखी करून दिलेल्या होत्या. ओठ हलले, पण आवाज नाही. पहिल्या रांगेतून मामी हलकेच म्हणाल्या, "बोला ना हो काहीतरी."

मामा वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माईक माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं त्यावर मिटवली. तो चालूच होता, त्यामुळे ते जे बोलले ते शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

"जावईबापू, तुम्हीच सांगा हो. मला माझ्याबद्दल काहीच माहीत नाही!"